भाड्याचं घर सोडताना साफसफाई: डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून काय काय करावं?

मुलुंडकर_भाडेकरू
वन बीएचकेचं लिव्ह अँड लायसन्स महिनाअखेर संपतंय. मालक म्हणतात, "दिलं होतं तसं परत द्या, नाहीतर सफाईचे आणि रंगाचे पैसे डिपॉझिटमधून जातील." सोसायटीत टँकरचं पाणी, त्यामुळे बाथरूमच्या टाइल्सवर आणि नळांवर पांढरा थर. ओट्यामागच्या टाइल्स आणि चिमणी चिकट. टीव्ही-शेल्फची मिळून आठ भोकं. शिवाय बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाळ्यातली काळी बुरशी. माणसं लावू की घरीच जमेल?

ओटा_टाइल्स
बुरशी सोडली तर सगळं घरी जमतं. डाग कशाचा आहे ते ओळखा, अर्धं काम तिथेच होतं: तेलकटाला सोडा, पांढऱ्या थराला आंबट.

ओट्यामागच्या टाइल्सना लिटरभर कडकडीत पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड. फडका भिजवून टाइल्सवर चिकटवून ठेवा, पंधरा मिनिटांनी पुसा. लगेच घासायला गेलात तर तेल नुसतं पसरतं. चिमणीचे फिल्टर स्टीलचे असतील तर याच पाण्यात अर्धा तास बुडवा. अॅल्युमिनियमची जाळी असेल तर सोडा अजिबात नको, काळी पडते. तिला गरम पाणी आणि लिक्विडच.

बाथरूमला लिंबूसत्व, लिटरला दोन मोठे चमचे. नळाला भिजवलेलं फडकं गुंडाळा, शॉवरला तेच पाणी भरलेली पिशवी बांधा. वीस मिनिटांनी थर मऊ पडतो. जुना थर एका वेळी जात नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

कोपऱ्यातला
एवढं कशाला? टॉयलेटचं अॅसिड टाका, पाच मिनिटांत पांढरंशुभ्र.

ओटा_टाइल्स
@कोपऱ्यातला, टाइल पांढरी होते, पण सांध्यातलं व्हाइट सिमेंट अॅसिड खातं आणि त्याच्या वाफेनं नळांचं क्रोम काळपट पडतं. सांधे उघडले की पाणी खालच्या मजल्यावर. मग डिपॉझिट राहिलं बाजूला, खालच्यांशी भांडण! आणि अॅसिडवर ब्लीच कधीच ओतू नका, क्लोरीन वायू होतो. बाथरूमला खिडकी म्हणजे जेमतेम दोन काचांची फट, तिथे ते जिवावर बेततं.

लांबी_पुट्टी
भोकांबद्दल. आधी मालकांना विचारा, पुष्कळांना हुक तसेच हवे असतात. काढायचे असतील तर गिट्टीत (भोकातल्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये) स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पकडीने स्क्रूसकट सरळ ओढा. न निघाली तर थोडी आत ढकलून वरून भरा. भोक ओलं करून लांबी, म्हणजे भिंतीची पुट्टी, दोन थरांत भरा. एकाच थरात खोल भरलीत तर वाळून आत बसते आणि खळगा दिसतो. वाळल्यावर १८० नंबरचा पॉलिश पेपर.

रंगाचे ठिपके मात्र मारू नका. भिंतीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, त्याच शेडचा नवा डबासुद्धा वेगळा दिसतो. एकतर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत, नाहीतर नुसती लांबी. हे काम सफाईच्या आधी उरकायचं, कारण घासलेल्या लांबीची पूड सगळीकडे बसते.

बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका, खोलीभर उडेल. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, खिडक्या उघड्या. रंग फिका पडू शकतो म्हणून आधी कपाटामागे करून बघा. पण भिंत हाताला गार-ओलसर लागत असेल तर बाहेरून पाणी मुरतंय. वर रंग मारलात तर पोपडे येणारच. ती दुरुस्ती मालक-सोसायटीची, ओलीचे फोटो आजच पाठवून ठेवा.

करारवाला
महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तुमची प्रत काढून रंगकामाचं कलम वाचा. नसेल तर "रंगाचे पैसे" कशाच्या आधारावर, हे विचारायला तुम्ही मोकळे. सामान निघाल्यावर, किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या. वीज आणि पाइप गॅसच्या मीटरचे आकडे त्यातच.

एक जागा सगळे विसरतात: स्लायडिंग खिडक्यांच्या पट्ट्या. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा. थेट पाणी टाकलंत तर चिखल होऊन पाणी जायची भोकं बुजतात.

मुलुंडकर_भाडेकरू
आभार मंडळी. बाथरूमचा उंबरठा मार्बलचा आहे, त्यावरही थर आहे. लिंबूसत्व चालेल?

ओटा_टाइल्स
नाही! मार्बल, कडप्पा, कोटा तिन्ही चुनखडीचे, आंबटाने चकाकी जाते. ओला करून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, निघेल तेवढं काढा. बाकीचं राहू द्या, पॉलिशवाल्याचं बिल त्या थरापेक्षा महाग पडेल.