एकाच डझनातले दोन बाण कायम उजवीकडं, स्पाइनमुळं म्हणजे नळीच्या कडकपणामुळं का?

रंकाळा_रिकर्व्ह:
उजव्या हातानं खेळतो, धनुष्याची ओढ ४० पौंड, कार्बन बाण ५०० स्पाइन. ५० मीटरवर दहा बाण नीट बसतात पण दोन कायम उजवीकडं लाल-निळ्याच्या हद्दीवर. पिसं बदलली, वजन केलं, सरळ आहेत. छापलेला नंबर एकच मग फरक कशाचा? का माझा रिलीजच, म्हणजे दोरी सोडणंच, बोंबलतोय?

पेठकर७:
बाणांवर १ ते १२ नंबर टाक आणि चार दिवस लिहून ठेव. तेच दोन गेले तर बाण, बदलत राहिले तर तू. आधी हलकं वाकवून कानाजवळ धर, करकरला तर मोडून टाक, चिरलेला कार्बन सुटताना हातात घुसतो.

उद्यमनगरी_टर्नर:
भावा छापलेल्या नंबरावर जाऊ नकोस, मोज. २८ इंचावर दोन टेकू, मधोमध ८८० ग्रॅम, नळी अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी वाकली की ५०० स्पाइन. पण वाक मोजायचा आपल्याकडचा साधा डायल १० मिमीचाच असतोय, म्हणून मी ४४० ग्रॅम लावतो, ६.३५ यायला पाहिजे. आणि नळी फिरवून फिरवून मोज लगा, एका बाजूला कडक दुसरीकडं मऊ असतीया. सुटताना बाण वाकूनच धनुष्याला वळसा घालतो, मऊ असला की जास्त वाकतो आणि तुझ्यासारख्या उजव्याचा उजवीकडंच जाणार.

बांबूवाला:
आम्ही इंडियन राउंडवाले, म्हणजे बांबूच्या धनुष्यबाणाचे, बांबूच्या पेरापेराला स्पाइन बदलतोय 😂 पंचवीस काड्यांतून सहा जुळल्या तरी पेढे वाटतो. तुमचं दुखणं श्रीमंताचं आहे.

रंकाळा_रिकर्व्ह:
टर्नरभाऊ, ओळखीच्या वर्कशॉपात मोजले. दहा जण ६.३ ते ६.४५. चार नंबर कसाही फिरवा ६.८, तो वॉर्मअपला टाकला. नऊ नंबर एका बाजूनं ६.३ आणि फिरवला की ६.७५!

उद्यमनगरी_टर्नर:
नऊला नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) एक पीस पुढं फिरव, तीन पिसं म्हणजे तीन जागा, तिन्ही मारून बघ.

रंकाळा_रिकर्व्ह:
दुसऱ्या जागेवर आला की आत! नाद खुळा. फक्त आता सगळे एकमेकांवरच आदळतायत, काल दोन नॉक फुटले, ते कुठं सुटे मिळतील?