उंचीचे किस्से: ज्यांचा हात फळीला पुरत नाही त्यांच्यासाठी (आणि ज्यांचं डोकं चौकटीला लागतं त्यांच्यासाठीही)

कळण्याची भाकरी

भुसावळला आमच्या घराचं काम चाललंय. काल ओट्याचं माप घ्यायला मिस्त्री आले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "वहिनी, इथं उभ्या राहा जरा. हात कोपरात वाकवा." टेप लावला, सहा इंच खाली पेन्सिलीची खूण केली. "तुमचा ओटा ३० वर येतो. बाकी लोकांकडे आम्ही ३३-३४ करतो. पण उभं तुम्हाला राहायचंय ना?"

चहा तिथंच ठेवून मागच्या दारी गेले मी. डोळे पुसले. मिस्त्रींना वाटलं असेल ३० ऐकून राग आला.

टेप दिसला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. २००१ साली पाचोऱ्याला मला बघायला पाहुणे आले होते. नानांनी बायोडाटावर उंची ५ फूट लिहिलेली. मी ४ फूट साडेनऊ इंच. अंबाडा उंच बांधला होता, पण चपला दारात काढाव्या लागतात, तिथं काय करणार? पोहे देऊन झाले आणि पाहुण्यांतल्या एका मावशींनी पर्समधून शिवणकामाचा टेप काढला. खरंच काढला. नाना खाली सतरंजीकडे बघत बसले. आई मोठ्यांदा म्हणाली, "पोहे गार होताहेत, खाऊन घ्या." मला भिंतीला उभं केलंच. ते स्थळ गेलं हे सांगायला नको.

पुढच्या वर्षी लग्न झालं, हे ५ फूट ८. अंतरपाटापलीकडून मी दिसावी म्हणून पाटावर पाट ठेवला. वरचा डगमगत होता, म्हणून मामा सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत खाली बसून तो धरून होते. अल्बममध्ये मामा कुठेच नाहीत, फक्त त्यांची टोपी आहे.

तुमचंही काही असेल तर लिहा. उंच लोकांनीही लिहा, लाजू नका.

पिवळी शेवभाजी

टोपी 😂😂 मामांना दंडवत

अर्ध्यानं राहिलो

ताई टेपचं मला नका सांगू. पोलीस भरती, पुरुषांना १६५ सेंमी. माझी घरी भिंतीवर मोजली की कधी १६५ कधी १६४ अन् थोडी. मित्रांनी कुठंतरी ऐकलं की सकाळी झोपेतून उठल्यावर माणूस उंच असतो. हे खरंय बरं का, दिवसभरात मणक्यांतल्या चकत्या दबतात, एखादा सेंटीमीटर जातो. मग काय, पोरांनी मला घरून गादीसकट उचललं, छोट्या हत्तीत (टेम्पोत हो) आडवं टाकलं, थेट मैदानाच्या गेटपर्यंत आडवाच. चहा पण पडल्या पडल्या पाजला. पडल्या पडल्या चहा पिऊन बघा कधी, नाकात जातो.

पण आत गेल्यावर तीन तास रांगेत उभं. १६४.५.

छाती ७९ होती, फुगवून ५ ची पण अडचण नव्हती. पळायला मी तालुक्यात पुढं. अर्धा सेंटीमीटर. करंगळीच्या नखाएवढा पण नाही.

आता खतं-बियाण्यांचं दुकान आहे, बरं चाललंय. गादी मात्र मित्र अजून काढतात लग्नाकार्यात.

सासरी_धुळे

वाचतेय सगळं. कुकर लावून येते

निलगिरी

दुसऱ्या पार्टीकडून लिहिते. ५ फूट ९, बाई, गाव यावल तालुक्यात. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे रांग, मी कायम शेवटी, माझ्यामागे भिंत. मुलं "वर हवा कशी आहे" विचारायची. आठवीपासून पाठीला पोक काढून चालायला लागले ते अजून सरळ झालं नाही, आता डॉक्टर म्हणतात मानेचे व्यायाम करा.

स्थळं यायची ती मुलाची उंची आधी फोनवर विचारून. एकानं तर "मुलीनं चप्पल सपाट घालावी" असं कळवलं होतं, अजून बघितलंही नव्हतं मला!

सासर जुनं धाब्याचं घर. गृहप्रवेशाला माप ओलांडलं आणि वर चौकटीवर कपाळ आपटलं. सगळ्या बायका "अगंबाई अपशकुन". सासरे मात्र दुसऱ्या दिवशी चौकटीला जुन्या गोधडीचा तुकडा खिळ्यांनी ठोकून आले. बोलले काहीच नाहीत. ते गेले आता, घर पाडून स्लॅबचं केलं. तो तुकडा मी ठेवलाय.

कळण्याची भाकरी

@निलगिरी तुमच्या सासऱ्यांचं वाचून परत मागच्या दारी जावं लागणार मला

पिवळी शेवभाजी

@अर्ध्यानं राहिलो भो, सरकीची ढेप आहे का दुकानात? भाव काय

अर्ध्यानं राहिलो

@शेवभाजी ढेप नाही ठेवत, जागा खाते

दत्तजयंतीला_सारंगखेडा

आमच्याकडं उंचीचा विषय घोड्यांचा. सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणापासून जातोय. उंच घोड्याभोवती गर्दी, बुटक्याला कोणी दातही बघत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या, घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत. मान जिथं पाठीला मिळते त्या उंचवट्यापर्यंत मोजतात. डोकं वर केलं खाली केलं तरी फरक नाही.

माणसाला असं मोजलं असतं तर आमचे साडू आणि मी सारखे भरलो असतो. त्यांची नुसती मानच लांब आहे.

माय म्हने

वय ६८. उंची ५ फूट १. लगीनले गयथू तव्हय सासरनी एक बाई म्हननी, "नवरदेव कथा शे?" मी तिना समोरच उभा!

मनी माय म्हने, ठेंगना शे त काय व्हयनं, वखर त त्यानाच सरळ चालस.

(अहिराणीत लिव्हं, राग मानू नका. नातीनं टाईप करी दिन्हं)

सासरी_धुळे

आले. कुकर झाला. आजोबा भारी 😄

माझं उंचीचं म्हणाल तर मांड्यांवरून सांगते, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्यांवरून. मी ४ फूट ११, हात पण आखूड. मांडा हातावर फिरवत फिरवत कोपराच्या पुढं न्यायचा असतो, तेव्हा तो खापराएवढा होतो. माझ्या हातावर तो लवकर संपतो! पहिल्या अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासूबाई माझा मांडा खापरावर बघून म्हणाल्या, "ही पोळी कोणाची?" सगळ्या जावा हसल्या. तिन्ही जावांचे हात लांब. मी ठरवलं मांडे करायचेच नाहीत, पुरण वाटून देते. १४ वर्षं पुरण वाटलं.

मागच्या अखाजीला मोठ्या जाऊबाईंचा खांदा धरलेला. मग मीच बसले चुलीपुढं. लहान तर लहान. खापर सगळं झाकत नाही, कडेनं रिकामं राहतं, पण आतला मांडा फाटत नाही. लांब हातवाल्यांचे निम्मे फाटतात, आता सांगते इथं, घरी बोलता येत नाही.

निलगिरी

माझे हात लांब आहेत आणि माझे सगळेच फाटतात

नववीतला मुलगा

सॉरी मध्येच विचारते. मुलगा नववीत, वर्गात सगळ्यात लहान. मित्र त्याच्या डोक्यावर कोपर टेकवून फोटो काढतात, तो हसतो, पण घरी आल्यावर बारला लटकतो रोज. टीव्हीवर येते ती पावडर सुरू करू का? मी १५०, त्याचे बाबा १६५. कोणी घेतलीय का?

जळगावची नर्सबाई

@नववीतला मुलगा पावडरनं उंची वाढत नाही हो, डब्याचे पैसे दूध, अंडी, डाळीला घाला. लटकल्यानंही हाड वाढत नाही, लटकू द्या, दंड होतील.

अंदाज काढायचा साधा हिशोब: आईबाबांची उंची मिळवा, मुलगा असेल तर १३ मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा, मग निम्मं करा. तुमचं १५० + १६५ + १३ = ३२८, निम्मे १६४. तीनेक इंच वरखाली होऊ शकतं. वाढ हाडांच्या टोकांपाशी होते, तिथली जागा बुजली की संपलं. मुलांची मुलींपेक्षा उशिरा बुजते. काही पोरं उशिराच सुटतात, दहावी-अकरावीत. बालरोगतज्ज्ञांना दाखवा एकदा, ते डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. मागच्या वर्षभरात किती वाढला ते लिहून न्या, तेच आधी विचारतील.

आणि कोपर टेकवणाऱ्या पोरांचं त्याला एकदा विचाराच. हसतो म्हणजे आवडतं असं नाही.

अर्ध्यानं राहिलो

१६४ आला तर भरतीच्या नादाला लावू नका 😭 गादी मी देतो

नववीतला मुलगा

धन्यवाद ताई. आत्ताच दाराला उभं करून खूण केली, तारीख घातली. "आता कशाला" म्हणत होता, पण टाच उचलत होता गपचूप

पिवळी शेवभाजी

माझं एकच. लहानपणी उन्हाळ्यात अंगणात झोपायचो, तेव्हा मोठा भाऊ मला ओलांडून पाणी प्यायला गेला आणि परत फिरून आलाच नाही. आजी म्हणायची ओलांडलं की उंची खुंटते, उलटं ओलांडल्याशिवाय सुटत नाही. तो ५ फूट १०, मी ५ फूट ४. गेल्या दिवाळीला मुद्दाम दारात आडवा झोपलो, म्हटलं आता तरी उलटा जा. तो मागच्या दारानं गेला.

दत्तजयंतीला_सारंगखेडा

मागचं दार बंद करून झोपायचं होतं भो

सासरी_धुळे

@कळण्याची भाकरी मिस्त्रींचा नंबर मिळेल का? आमचा ओटा ३४ आहे, मी पाटावर उभी राहून पोळ्या करते

कळण्याची भाकरी

व्यनि (खाजगी निरोप) करते. ओटा झाला पण, आज सकाळीच ग्रॅनाइट बसवलं. पहिल्यांदा पोळी लाटताना खांदे वर न्यावे लागले नाहीत. हे भांडी घासायला उभे राहिले तर दहा मिनिटांत कंबर धरून बसले, म्हणे फारच खाली केलाय. म्हटलं पाट घ्या खाली, आणि त्यावर बसून घासा.

माय म्हने

पाट कोन धरी?