मिनी-डीव्हीसाठी कोणता डेक घ्यावा? मामाचं स्कायडायव्हिंगचं फुटेज एडिट करायचंय

मुलुंडची_मनी
नमस्कार मंडळी. माझा मामा कॅलिफोर्नियात नोकरीला होता तेव्हा शनिवार-रविवार पेरिस व्हॅलीला जाऊन विमानातून उड्या मारायचा. तोही साधा नाही, हेल्मेटवर कॅमेरा लावून बाकीच्यांचं शूटिंग करणारा. त्याच्या मिनी-डीव्ही कॅसेटींचा (छोट्या डिजिटल व्हिडिओ टेपांचा) एक खोका आमच्याकडे आलाय. १९९९ ते २००३ च्या अमेरिकेतल्या, आणि मुंबईला परतल्यावर इथे घेतलेल्या कॅमेऱ्यावरच्या, त्यात स्पेनमधल्या एम्पुरियाब्रावाच्याही आहेत. तीन-चार कॅसेटींवर 'एलपी' असं लिहिलंय.

डिसेंबरात त्याची साठी आहे. मामीला पंधरा-वीस मिनिटांची फिल्म हवीय. एडिटिंग मला येतं, रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरवर करते, पण टेप या प्रकाराला कधी हात लावलेला नाही. लॅमिंग्टन रोडवर एकाकडे सोनीचा डीएसआर-११ डेक (कॅसेट वाजवायचं मशीन) आहे, अठ्ठावीस हजार सांगतोय. ऑनलाइन एक जीव्ही-डी१००० दिसतोय, छोटा, स्क्रीनवाला, बराच स्वस्त. आणि दादरचा एक लग्नाचे व्हिडिओ करणारा म्हणतो, कॅसेटी द्या, पेनड्राइव्हवर टाकून देतो. काय करू?

रेंडरिंग_चालू_आहे
ताई, पेनड्राइव्हवाल्याला एकच विचारा: फायरवायरने (डिजिटल केबलने) घेणार का? तो 'ते एकच असतं हो' म्हणाला की कॅसेटी उचलून घरी या. तो पिवळी-लाल-पांढरी वायर डोंगलला लावणार आणि एमपी४ करून हातात ठेवणार. लग्नात नवरीच्या गळ्यातलं ओळखू आलं की लोक खूष असतात. तुमच्याकडे निळंभोर आकाश, त्यात हलणारी चार माणसं आणि खाली गरगर फिरणारी जमीन आहे. असल्या चित्राचा कॉम्प्रेशनमध्ये पहिला चिखल होतो. डीव्हीच्या टेपवर मुळातच आकडे आहेत, सेकंदाला २५ मेगाबिट नुसत्या चित्राचे. फायरवायरमधून तेच आकडे जसेच्या तसे उतरतात, टाइमकोड (टेपवरचा फ्रेमचा हिशेब) आणि शूटिंगची तारीख-वेळ सकट. तासाला साधारण १३ जीबी जागा धरा. आजच्या डिस्कला ते काहीच नाही.

आता डेक. टीव्हीची पद्धत देशागणिक वेगळी. अमेरिकेतल्या कॅसेटी एनटीएससी असणार, ४८० ओळी, सेकंदाला २९.९७ फ्रेम. इथल्या कॅमेऱ्यावरच्या पॅल, ५७६ ओळी, २५ फ्रेम. जीव्ही-डी१००० ची वस्तू झकास, पण तो एनटीएससीचा वेगळा आणि पॅलचा वेगळा येतो (पॅलवाल्याच्या नावामागे 'ई' असतं). म्हणजे तुमचा अर्धा खोका बाहेरच राहणार. डीएसआर-११ दोन्ही वाजवतो. तुमच्या बाबतीत विषय तिथेच संपला. स्वस्त-महाग नंतर बघू.

पण तोच डेक घ्या असं मी म्हणत नाही, त्या मॉडेलचा घ्या म्हणतो. परळला आमचं लग्नांचं काम चालायचं तेव्हा असे डेक दिवसरात्र चालत, आणि विकताना प्रत्येक जण 'घरगुती वापर' असंच सांगायचा. मेनूत अवर्स मीटर शोधा, ड्रम (टेप वाचणारे हेड ज्यावर असतात ते फिरतं चाक) किती तास फिरलाय ते तिथे दिसतं. दुकानदार मेनू दाखवायला कां-कू करायला लागला तर पुढच्या दुकानात. सोबत एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट न्या, मामाची नाही. आत टाका, दोन मिनिटं वाजवा, बाहेर काढा, असं पुन्हापुन्हा करा. चांगल्या डेकमध्ये कॅसेट आत जाताना मोटारीचा एकसारखा आवाज येतो, टेप ड्रमभोवती गुंडाळली जाते आणि चित्र शांतपणे येतं. मध्ये अडखळून करकर झाली की पट्टे-गिअर गेलेत समजा. मग कॅसेटचं मागचं झाकण उचलून टेपची खालची कड उजेडात धरा. कडेला झालर आली असेल तर तो डेक तुमच्या कॅसेटी खाणार. आणि फायरवायरचं तोंड चालतं का हे तिथल्या तिथे लॅपटॉप लावून बघायचं. टीव्हीवर चित्र दिसलं म्हणजे फायरवायर जिवंत आहे असं नव्हे. जोडताना दोन्ही बाजू बंद ठेवा, सहा पिनांच्या वायरमध्ये वीज असते, उलटी घुसली तर पोर्ट जातं.

एलपी म्हणजे ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं कोंबलेली. टेपवरचा ट्रॅक १० मायक्रॉनऐवजी ६.६७ मायक्रॉनचा होतो. डीएसआर-११ सारखे डीव्हीकॅमचे (सोनीच्या व्यावसायिक प्रकारचे) डेक सहसा एलपी घेत नाहीत. त्या कॅसेटींना मूळ कॅमेराच लागेल. माळ्यावर बघा.

आणि सगळ्यात आधी: मुंबईतले इतके पावसाळे खाल्लेल्या कॅसेटी आहेत. प्रत्येकीच्या खिडकीतून टॉर्च मारून आतली गुंडाळी बघा. पांढरी पूड किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती डेकमध्ये घालायचीच नाही. बुरशी हेडला लागली की पुढच्या सगळ्या कॅसेटींना तीच लागणार.

साडेबारा_हजार_फूट
वरच्यांशी सहमत, पण या फुटेजचं एक वेगळं आहे ते सांगतो. आपल्याकडे स्कायडायव्हिंग म्हटलं की शीतल महाजन यांची २०१८ ची नऊवारीतली उडी आठवते. त्यामागे कॅमेरा घेऊन उडणाऱ्यांचं नाव कोणी काढत नाही. साडेबारा हजार फुटांवरून पोटावर पडताना मोकळं पडणं मिनिटभराचं, वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका कॅसेटवर कितीतरी उड्या, प्रत्येक जेमतेम दीड-दोन मिनिटांची. तेव्हा डेकवर पुढे-मागे पळवत 'चांगली उडी' शोधत बसू नका, त्यात टेपही झिजते आणि हेडही. अख्खी कॅसेट एकदा सलग उतरवा आणि मग कॉम्प्युटरवर निवडा.

दुसरं, पॅराशूट उघडतानाच्या झटक्याला टेपच्या कॅमेऱ्यात कधीकधी चित्राचे चौकोन होतात. ते रेकॉर्ड होतानाच झालेले, कुठलाही डेक ते दुरुस्त करणार नाही. ओळखायचं असं: तोच तुकडा दोनदा उतरवा. चौकोन त्याच फ्रेमवर असतील तर टेपवरच आहेत. जागा बदलली तर हेड मळलंय, सुकी क्लिनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, जास्त नको.

आणि हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यांनी धक्के फार खाल्लेले असतात, त्यांचं अलाइनमेंट थोडं हललेलं असू शकतं. अशी टेप उत्तम डेकमध्ये रडते आणि त्याच खटारा कॅमेऱ्यात सुरळीत वाजते. त्यामुळे एलपी नसली तरी कॅमेरा सापडला तर सोन्याहून पिवळं.

एडिट करताना एक विनंती: विमानाच्या दारातला भाग कापू नका. चौघांनी हवेत आकृत्या करायच्या स्पर्धेत ३५ सेकंदांचं गुणांकन दारातून बाहेर पडल्यापासून सुरू होतं, त्यामुळे कॅमेरावाल्याचा जीव त्या क्षणात असतो. मामांना फिल्ममध्ये आधी तेच दिसायला हवं असेल.

मुलुंडची_मनी
बाप रे, किती उपयोगी! मामाला सरप्राइज असल्यामुळे मामीला माळ्यावर चढवलं. सोनीचा पीसी-१०० सापडला, अमेरिकेतला, बॅटरी मेलेली पण अडॅप्टरवर सुरू होतो. एका कॅसेटच्या खिडकीत पांढरं दिसतंय, ती वेगळ्या डब्यात ठेवली. मामाची लॉगबुकंही मिळाली, प्रत्येक उडीचा नंबर, तारीख, विमान, कोण कोण होतं, सगळं लिहिलंय. पण माझ्याकडे नवीन मॅक आहे, फायरवायर कुठे लावू?

टर्मिनलवाला
मॅकचा नाद सोडा. मॅकओएस २६ मध्ये ॲपलने फायरवायरच काढून टाकलंय, त्यामुळे अडॅप्टरवर अडॅप्टर लावूनही हाती काही लागणार नाही. जुना डेस्कटॉप घ्या, त्यात पीसीआय-एक्स्प्रेसचं फायरवायर कार्ड घाला, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं. टेप उतरवायला विंडोजवर विनडीव्ही हे सॉफ्टवेअर चालतं, पण नव्या विंडोजवर कधीकधी जुना लेगसी ड्रायव्हर शोधून घालावा लागतो. मी सरळ उबंटू (लिनक्स) टाकतो आणि त्याच कामाचं डीव्हीग्रॅब वापरतो. त्यात ऑटोस्प्लिट आणि टाइमस्टॅम्प दोन्ही चालू करा. कॅमेऱ्याचं घड्याळ लावलेलं असेल तर प्रत्येक उडीची वेगळी फाइल होते आणि नावातच शूटिंगची तारीख-वेळ येते. मग लॉगबुक शेजारी उघडा आणि जुळवत जा. कॅमेऱ्यात उडीचा नंबर नसतो, पण त्या दिवशीची तिसरी फाइल म्हणजे लॉगबुकातली तिसरी ओळ, इतकं सरळ जातं.

रेंडरिंग_चालू_आहे
लॉगबुक म्हणजे लॉटरी लागली तुम्हाला. कॅप्शनची सगळी सोय झाली.

कॅमेरा मिळाला म्हणून डेक रद्द करू नका. पीसी-१०० वर सगळ्या कॅसेटी चालवल्या तर तो मध्येच मान टाकेल. नेहमीच्या डेकवर, एलपी आणि रडणाऱ्या एनटीएससी कॅसेटी तेवढ्या कॅमेऱ्यावर. एसीच्या खोलीतून दमट खोलीत नेलं की तासभर तसंच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

रिझॉल्व्हमध्ये एनटीएससीची आणि पॅलची टाइमलाइन वेगळी करा, फील्ड ऑर्डर लोअर फर्स्ट. स्लो-मोशन हवं असेल तर आधी क्यूटीजीएमसी या फिल्टरने डीइंटरलेस करून (अर्ध्या ओळींची चित्रं पूर्ण करून) एनटीएससीच्या ५९.९४ आणि पॅलच्या ५० फ्रेम काढा, हात-पाय कंगव्यासारखे दिसणार नाहीत. आवाजात बहुतेक नुसता वारा असेल, तो खुशाल खाली ओढा, पण विमानातल्या गप्पा ठेवा.

दुकानात जायच्या आधी अवर्स मीटरचा आकडा इथे टाका, किंमत किती पाडायची ते सांगतो.