ॲनाचं लग्न मोडलं, डॉलीचं टिकलं का?

(सोसायटीतल्या चौघांच्या गप्पा; नावांच्या जागी घर क्रमांक)

ए-४०२ : टॉलस्टॉयची 'ॲना कॅरेनिना' वाचून झाली. सगळे ॲनाबद्दल बोलतील, मला डॉलीबद्दल बोलायचंय. कादंबरी सुरू होते तीच तिच्या घरात. नवऱ्याचं, स्तिवाचं, मुलांना शिकवायला असलेल्या फ्रेंच बाईशी प्रकरण होतं आणि चिठ्ठी हिच्या हाती लागलीय. तीन दिवस तो अभ्यासिकेतल्या कोचावर झोपतोय. ही माहेरी जायचं म्हणून मुलांचे कपडे काढून ठेवते, पण निघणं काही होत नाही. मग समजूत घालायला नणंद येते. नणंद म्हणजे ॲना! दुसऱ्याचं घर सावरायला आलेल्या बाईचं स्वतःचं घर त्याच फेरीपासून सुटायला लागतं.

सी-३०५ : पण काकू, डॉलीचं लग्न टिकतं ना? मोडतं ते ॲनाचं.

ए-४०२ : टिकतं म्हणजे काय रे? स्तिवा पुढेही तसाच वागतो, तिच्या वाटणीचं जंगल विकून खातो. सहाव्या भागात ती गाडीतून ॲनाकडे निघते तेव्हाचं वाच. एरवी पोराबाळांत तिला विचार करायला सवड नसते. त्या वाटेत ती पंधरा वर्षांच्या संसाराचा हिशोब मांडते : बाळंतपणं, आजारपणं, दगावलेलं तान्हं बाळ. पोचल्यावर ॲनाच्या मोलकरणीसमोर तिला आपल्या ठिगळ लावलेल्या जॅकेटची लाज वाटते. घरी त्याच ठिगळांचा तिला अभिमान असायचा. पण त्याच घरात ॲनाला आपल्या मुलीला किती दात आलेत ते नीट सांगता येत नाही, हेही डॉलीच्या नजरेतून सुटत नाही.

डी-५०१ : थोडी माहिती देतो. १८७५ ते १८७७ या काळात ही 'रशियन मेसेंजर' मासिकात क्रमशः आली. शेवटचा आठवा भाग संपादक कात्कोव्हनं छापला नाही, कारण सर्बियाच्या युद्धाला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांबद्दलची टॉलस्टॉयची मतं त्याला पटेनात. टॉलस्टॉयनं तो भाग स्वतः वेगळा छापला.

बी-१०३ : कायद्याची बाजू लक्षात घेतल्याशिवाय ॲनाची कोंडी कळायची नाही. तेव्हाच्या रशियात घटस्फोट चर्चच्या हातात होता. चौथ्या भागात ॲनाचा नवरा कॅरेनिन वकिलाकडे जातो. तो वकील बोलता बोलता हवेतले पतंग-किडे पकडतोय, आणि समोर एका माणसाचा संसार मोडतोय! कारणं मोजकीच : शारीरिक व्यंग, पाच वर्षं ठावठिकाणा नसणं किंवा व्यभिचार. व्यभिचाराला नुसती पत्रं पुरत नाहीत, डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागतो. आणि दोषी ठरेल त्याला पुन्हा लग्नाची मुभा नाही. म्हणजे ॲनाला तिच्या प्रियकराशी, व्रोन्स्कीशी, लग्न करायचं तर कॅरेनिननं न केलेला दोष अंगावर घ्यायचा. बाळंतपणानंतर ती मरणाच्या दारात असताना तो तिला माफ करतो आणि पुढे त्यालाही तयार होतो. तेव्हा तिलाच घटस्फोट नको असतो. पुढे तिला हवा असतो तेव्हा तो नाही म्हणतो. घटस्फोट न झाल्यानं व्रोन्स्कीची मुलगीही कायद्यानं कॅरेनिनचीच.

सी-३०५ : वकीलसाहेब, कॅरेनिनला इतकी सूट देऊ नका. आई मेली असं त्यांच्या मुलाला, सेर्योझाला, सांगितलं जातं आणि हा ते चालू देतो. नऊ वर्षांचा मुलगा! त्याच्या वाढदिवसाला ॲना सकाळी चोरून घरात शिरते. आदल्या दिवशी जीव लावून निवडलेली खेळणी बरोबर असतात, पण नवरा येतो आणि ती तशीच निघते. पुडकं सोडायचंही राहून जातं. ते पान मला दोनदा वाचावं लागलं.

बी-१०३ : त्या बाबतीत बचाव नाही करणार. पण त्याची मैत्रीण लिडिया इव्हानोव्हना त्याचं घर चालवायला लागल्यावर त्याच्या हातात फारसं उरलेलं नसतं, तेही बघ.

सी-३०५ : वडिलांच्या हातात नाही तर कुणाच्या? सातव्या भागात मामा, म्हणजे स्तिवा, भेटतो तेव्हा सेर्योझाला आईची आठवणसुद्धा नको असते. शाळकरी पोरगा, रडू येऊ नये म्हणून तुटक बोलतो.

डी-५०१ : तरी आठव्या भागातली एक गोष्ट विसरू नका, ती सहज ओझरती येते. ॲना वारल्यावर तिच्या मुलीला कॅरेनिनच घेऊन जातो. व्रोन्स्की युद्धावर निघालेला असतो.

ए-४०२ : बरोबर, काका. आणि स्तिवा? त्याच आठव्या भागात त्याला हवी ती नेमणूक मिळते, स्टेशनवर तो ती आनंदानं सांगत फिरतो. सख्खी बहीण गेलीय. त्याच सुमाराला तो डॉलीला पश्चात्तापाचं पत्र पाठवतो आणि आत काय मागतो, तर माझी अब्रू वाचव, तुझी जमीन विकून माझं कर्ज फेड. तिला सोडवायचं ठरतं ते धाकटी बहीण किटी आपला वाटा द्यायला तयार होते म्हणून. टिकलेल्या लग्नात तिला वाचवायला माहेरचंच माणूस लागलं. लग्न टिकलं म्हणतोस, तर ते कुणाच्या जिवावर हेही सांग.