डुक्करखिंडीच्या चढाला उतरले, तेव्हापासून सायकल पार्किंगमध्येच. पुन्हा सुरुवात कुठून करू?

फुटाळा_फेरी

नमस्कार मंडळी. वय ४७, बँकेत नोकरी. जूनमध्ये नागपूरहून पुण्याला बदली झाली, वारज्यात भाड्याच्या घरात राहते.

नागपूरला मी आठ वर्षं सायकल चालवली. स्पर्धा-बिर्धा काही नाही, हौस म्हणून. आम्ही चौघी पहाटे पाचला त्रिमूर्ती नगरातून निघायचो. अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा आणि परत, पंचवीसेक किलोमीटर. रविवारी येताना तर्री-पोहे. मे महिन्यात साडेसातला हँडलची पकड हाताला चटका देते, म्हणून सातच्या आत घरी. आमच्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स. पुण्यात हे वाक्य बोलायचं नसतं, हे एव्हाना कळलं आहे.

सायकल हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधली), २०१७ ची, पुढे ३ गिअर मागे ८. घरसामानाच्या ट्रकमध्ये फ्रिज आणि कूलरच्या मध्ये आडवी घालून आणली. (कूलरही आणला. शेजारी अजून हसतात.) आल्या आल्या पावसाळा लागला, सायकल पार्किंगमध्ये कव्हर घालून ठेवली, ती दिवाळीपर्यंत तशीच.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी हवा भरून निघाले. वारज्याहून चांदणी चौकाकडे, हायवेच्या कडेने. डुक्करखिंडीचा चढ अर्धाही झाला नसेल, दम संपला. उतरले आणि ढकलायला लागले. मॉर्निंग वॉकवाले एक आजोबा मागून आले, "हवा कमी आहे का?" विचारलं आणि मला मागे टाकून पुढे गेले. हवा बरोबर होती. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच उतरले. तिसऱ्या रविवारी अलार्म बंद करून झोपले.

शिवाय इथे पाचला बाहेर पडावं तर डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. सोबत कोणी नाही. नागपूरच्या तिघींच्या ग्रुपवर अजून फोटो येतात, मी अंगठा देते.

जमून नाही राहिलं, हे खरं. या भागात सपाट रस्ता आहे का कुठे? या वयात नव्याने चढ जमतात का? की सायकलच बदलायला हवी?

---

वॅट_मोजणारा

ताई, २०१७ ची हायब्रिड म्हणजे १४ किलोच्या आसपास असेल. त्या वजनाने पुण्यात चढ चढणं म्हणजे शिक्षा. बजेट असेल तर सरळ रोड बाइक घ्या, कार्बन फ्रेमची. सायकलच पाच-सहा किलोने हलकी होईल. मी घेतली आणि सिंहगडाच्या वेळेत ११ मिनिटांचा फरक पडला.

---

कर्वेनगर_सिंगलस्पीड

वरील सल्ला वाचला. पाच-सहा किलो कमी करायला लाखभर रुपये, आणि उतरून ढकलायची वेळ आली तर तीही ढकलावीच लागते. असो.

बाई, मी ६८ वर्षांचा आहे. पुण्यात सायकल चालवायला लागलो तेव्हा ऑफिस सुटलं की लक्ष्मी रोडवर सायकलींच्या घंटांशिवाय काही ऐकू यायचं नाही. बिनगिअरच्या सायकलीवर कात्रजचा जुना घाट चढायचो आणि अर्ध्या वाटेत उतरायचोही. सगळेच उतरायचे. त्यात लाज कसली? घाटात सायकल ढकलणं ही पुण्याची परंपरा आहे, फक्त आता कोणी फोटो टाकत नाही.

डुक्करखिंड ही सुरुवात करायची जागाच नव्हे. चढ आहे म्हणून नाही, तर एका बाजूला ट्रक आणि दुसऱ्या बाजूने उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले म्हणून. सायकलवर आधीच घाबरलेलं माणूस दुप्पट दमतं.

मला दोन गोष्टी सांगा. एक, पुढची सगळ्यात लहान चकती पडते का, म्हणजे चेन तिच्यावर उतरते का? चढावर नव्हे, घरी सायकलचं मागचं चाक उचलून, पॅडल हाताने फिरवत बघा. दोन, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन गेली की आवाज येतो का? हे बघितल्याशिवाय वयाला दोष देऊ नका.

---

पाषाणात_अकोलेकर

ताई, मी पण तिकडचीच! अकोल्याची, सहा वर्षं झाली पुण्यात. अंधाराचं तुमचं अगदी बरोबर आहे, मलाही पहिल्या वर्षी तेच वाटायचं की माझंच घड्याळ बिघडलं. पुणे नागपूरच्या पश्चिमेला पाचेक रेखांश आहे, सूर्य इथे सुमारे वीस मिनिटं उशिरा उगवतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाचचा अलार्म लावूच नका. सव्वासहाला निघा, साडेसहाला रस्ता दिसायला लागतो. संध्याकाळी मात्र तीच वीस मिनिटं आपल्याला परत मिळतात! ऑफिसनंतर अर्धा तास उजेड मिळाला की मला फार श्रीमंत वाटतं.

एकटीने जाताना मी काय करते ते सांगते. मागचा लाल दिवा दिवसाही चालू. कुत्रं मागे लागलं तर पळायचं नाही, उतरायचं, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरायची आणि चालायला लागायचं. दहातली नऊ कुत्री तिथेच कंटाळतात. (दहाव्याबद्दल नंतर कधीतरी.) पावसाळी गटाराच्या जाळ्या बघून चालवा, काहींच्या फटी रस्त्याच्या दिशेनेच असतात आणि आपलं चाक त्यात बरोबर बसतं. बायकांसाठी अजून एक: रस्त्यातला स्वच्छ टॉयलेटवाला पेट्रोल पंप आधी हेरून ठेवायचा. याविषयी कुठलाही सायकलवाला बोलत नाही.

ग्रुपबद्दल जपून. बरेच ग्रुप "कोणालाही मागे सोडत नाही" म्हणतात आणि पहिल्या चढाला दिसेनासे होतात. मी माझ्या पहिल्या राइडला सूस खिंडीत एकटी उरले होते. आधी विचारा, शेवटच्या माणसासोबत कोण थांबतं? नाव सांगता आलं तरच जा.

---

फुटाळा_फेरी

तुम्हा सर्वांचे आभार. वीस मिनिटांचं वाचून बरं वाटलं, मला वाटलं होतं मीच आळशी झाले.

काका, तुम्ही म्हणालात तसं घरी उलटी करून बघितलं. (उचलून धरायला दुसरं कोणी नव्हतं.) बाप्पा, लहान चकती पडतच नाही! हँडलवरचं बटण खट् वाजतं, चेन मधल्या चकतीवरच. आणि खरं सांगू, मला आठवतच नाही ती शेवटची कधी वापरली. नागपूरला आठ वर्षं मधल्या चकतीवरच चालवली, गरजच पडली नाही. मागे सगळ्यात मोठ्या चकतीवर गेलं की खर्रखर्र येतं. हे मात्र इथे आल्यावरच सुरू झालं. त्या आवाजाच्या भीतीने मी एक-दोन गिअर अलीकडेच थांबते.

---

कर्वेनगर_सिंगलस्पीड

सापडलं. म्हणजे बाई तुम्ही चोवीस गिअरची सायकल घेऊन चढाला गेलात, पण चढाचे गिअर घरीच ठेवून!

पुढची चेन लहान चकतीवर ढकलायला कोणी नसतं, स्प्रिंग तिला आत ओढते. केबल सैल झाली की स्प्रिंगने काम करायचं. आठ वर्षं ते काम कधी पडलंच नाही, नंतर पाच महिने पुण्याचा पावसाळा. केबल आवरणात गंजून अडकली असेल, नाहीतर डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा, सांधा धरला असेल. तेल, नवी केबल आणि स्क्रूचा अर्धा फेरा. एवढ्यासाठी कोणी तुम्हाला सायकल विकायला निघालं तर दुकान बदला.

मागची खरखर जास्त महत्त्वाची. सायकल ट्रकमध्ये आडवी होती म्हणालात. उजव्या अंगावर होती का? तसं असेल तर मागच्या डिरेलरला धरणारा हँगर वाकला असणार. तो मुद्दाम नरम धातूचा करतात, वाकायचं ते त्याने वाकावं, फ्रेमने नाही. तो आत वाकला की सगळ्यात मोठ्या चकतीवर जाताना डिरेलर स्पोकला घासतो. चढावर जोर लावलेला असताना तो स्पोकमध्ये गेला तर चाक जाम, डिरेलरचे दोन तुकडे आणि तुम्ही रस्त्यावर. तुम्ही त्या आवाजाला घाबरलात ते उत्तम केलंत. दुरुस्त होईपर्यंत त्या गिअरला हात लावू नका.

आता हिशेब, कारण मी निवृत्त आहे आणि मला वेळ आहे. अशा सायकलींना बहुधा पुढे ४८-३८-२८ दाते असतात, मागची मोठी चकती ३२ ची. चाकाचा घेर २.१ मीटर धरा. तुम्ही चढत होतात पुढे ३८, मागे समजा २८ वर: पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल २.८५ मीटर पुढे. पुढे २८, मागे ३२ लागलं असतं तर १.८४ मीटर. जोर सरळ एक तृतीयांशाने कमी. वेळ जास्त लागेल, ते आजोबा तरीही पुढे जातील, पण तुम्ही सीटवर असाल.

---

वॅट_मोजणारा

काका बरोबर आहेत. मी हँगर बघायला सांगायला हवं होतं. (११ मिनिटं खरी आहेत.)

---

फुटाळा_फेरी

दोन आठवड्यांनी लिहिते आहे. बँकेत वार्षिक तपासणी होती, दिवस कुठे गेले कळलं नाही.

सायकल कर्वेनगरातल्या एका छोट्या दुकानात नेली. दुकान म्हणजे शटर, एक बाकडं आणि छताला टांगलेली चाकं. मुलाने मागे वाकून नुसतं एका डोळ्याने बघितलं, "काकू, ट्रकमधून आली का?" हँगर सरळ करायला त्याने एक लांब दांडा लावला आणि चाकाच्या चारही बाजूंना माप घेत हळूहळू ओढला. पुढची केबल बाहेर काढली तर शेवटची चार बोटं तपकिरी. ती मी घरी आणली आहे, का कोण जाणे. मागच्या टायरच्या बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या, ते टायर बदललं. सगळं मिळून हजाराच्या थोडं वर गेलं, त्यात टायरचेच निम्मे.

लहान चकती पहिल्यांदा पडली तेव्हा दुकानासमोरच्या गल्लीत पाय असे भरभर फिरले की मी मोठ्याने हसले. तो मुलगा म्हणाला, "हा गिअर नवाच्या नवा आहे की."

मागच्या रविवारी सव्वासहाला निघाले. शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे. एनडीएचं, म्हणजे लष्करी प्रबोधिनीचं, गेट आलं. आत आपल्याला जाता येत नाही, बाहेरून कुडज्याकडे रस्ता जातो. उत्तमनगरपर्यंत काही खास नाही, स्पीडब्रेकर आणि दुधाच्या गाड्या. त्यापुढे मात्र हळूहळू घरं विरळ होतात, झाडी येते आणि मग डाव्या हाताला खडकवासल्याचं पाणी दिसायला लागतं. धुकं पाण्यावर बसलेलं होतं. मला एकदम फुटाळा आठवला आणि लगेच रागही आला, की आता काय प्रत्येक पाण्याला फुटाळाच म्हणणार का मी?

चढ-उतार आहेत त्या रस्त्याला. पण चढ संपला की उतारात श्वास परत मिळतो, डुक्करखिंडीसारखं नुसतं वसूल करणं नाही. एका ठिकाणी उतरले. लहान चकतीवर होते तरी उतरले, कारण मागून डंपर आला आणि कडेला खडी होती. ढकलताना समोरून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. केवढं बरं वाटलं!

जाऊन-येऊन तेवीस किलोमीटर. येताना पोहे खाल्ले. गोड होते, वर खोबरं, शेव मागितली तर वेगळे पैसे. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही, वादाचा विषय आहे.

तिघींच्या ग्रुपवर पाण्याचा फोटो टाकला. एकीने लगेच विचारलं, चढ किती होता? मी लिहिलं, सेमिनरी हिल्सपेक्षा जरा जास्त.

---

पाषाणात_अकोलेकर

वा ताई! कुडज्याच्या पुढे मांडवी, सांगरुणपर्यंत तोच रस्ता अजून छान होतो, पण घाई नको. येत्या रविवारी मी कोंढवे गेटपाशी पावणेसातला येऊ शकते. शेवटच्या माणसासोबत कोण थांबतं विचाराल तर, मी. दोघीच असू, एक जण शेवटची असणारच. रश्श्याचे पोहे मिळणारं एक ठिकाण मला ठाऊक आहे, तिथपर्यंत यायची तयारी ठेवा.

---

कर्वेनगर_सिंगलस्पीड

पोह्यांत खोबरं असतंच.

हँगरचं काम चांगलं झालेलं दिसतं. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नवी केबल थोडी ताणली जाते, गिअर पुन्हा अडखळायला लागले तर घाबरू नका, त्याच मुलाकडून पाव फेरा देऊन घ्या. आणि खडकवासला चौपाटीच्या बाजूने परतणार असाल तर रविवारी आठच्या आत. नंतर तिथे भजी आणि गाड्या याशिवाय काही हलत नाही.

---

फुटाळा_फेरी

पावणेसात, कोंढवे गेट, नक्की. अकोल्याची बाई तर्री कुठे मिळते ते सांगते म्हणजे विश्वास ठेवायलाच हवा.

डुक्करखिंड अजून केलेली नाही. बघू.

आणि कूलर विकायचा आहे. एकच उन्हाळा वापरलेला, मोठा, पंपासकट. या विभागात चालत नसेल तर पोस्ट काढून टाका.

---

कर्वेनगर_सिंगलस्पीड

टाकी किती लिटरची?