लाइव्ह रॉकवर अनोळखी काही उगवलं तर आधी ओळखायचं की आधी उपटायचं?

कृष्णाकाठ, सांगली
खाऱ्या पाण्याच्या टाकीत लाइव्ह रॉकवर, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव वसलेल्या समुद्री दगडावर, नवीन काही दिसलं की आपल्याकडे एकच सल्ला मिळतो: दगड बाहेर काढ आणि ब्रशने घास. मला हे अजिबात पटत नाही. जांभळा कडक थर हे कोरलाइन शैवाल असतं, ते तर हवंच. पांढऱ्या, तिळाएवढ्या गुंडाळ्या म्हणजे नळीत राहणारे बारीक किडे, ते पाणी गाळून खातात. अंधाऱ्या कोपऱ्यातले पांढरे गोळे बहुधा स्पंज निघतात. यातलं काय घासून काढणार? टाकीचे दिवे बंद केल्यावर लाल टॉर्च आणि भिंग घेऊन बसा. ड्रॉपरने हलकंसं पाणी सोडा. आकसलं तर प्राणी असण्याची शक्यता जास्त, नुसतं हललं तर बहुतेक शैवाल. चार दिवस एकाच कोनातून फोटो काढा, मगच हात घाला.

मिरजकर
चार दिवस फार झाले. छोट्या टाकीत एप्टेशिया, म्हणजे तणासारखं पसरणारं छोटं समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन), बघता बघता दगड व्यापते आणि शेजारच्या कोरलला (प्रवाळाला) डंख मारते. लांब देठ, तपकिरी पारदर्शक अंग, जवळ काही गेलं की झटक्यात भोकात. हे दिसलं की त्याच दिवशी निकाल लावायचा.

कृष्णाकाठ, सांगली
तुम्ही खूण पटवूनच निकाल लावताय, माझं म्हणणं तेच आहे. आणि एप्टेशिया घासली तर तळाचा राहिलेला कण पुन्हा अख्खा जीव होतो. पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्ट पेस्ट सिरिंजने तिच्या तोंडावर सोडायची. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पीएच उसळतो. पानाच्या डबीतला चुना वापरू नका, त्यात आणखी काय मिसळलंय ते कळत नाही.

अजिंक्यतारा, सातारा
दोघंही पाण्याबद्दल बोलत नाही. ऊसपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यात खतांचं नायट्रेट उतरतं. ते पाणी मीठ कालवून टाकीत ओतायचं आणि वर हिरव्या केसाळ शैवालाची तक्रार करायची! आरओ फिल्टरला डीआय (उरलेले क्षार काढणारं रेझिन) जोडा, मीठ घालण्याआधी टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्यावर आणा, खाणं कमी करा.

मिरजकर
शैवालापुरतं मान्य. एप्टेशियाच्या अंगातच शैवालपेशी असतात, तिला उजेडावरही भागतं. निव्वळ पाणी सुधारून ती जात नाही. मला तर अख्खा दगड उकळून काढणंच खात्रीचं वाटतं.

कृष्णाकाठ, सांगली
हे कोणीही करू नका, कळकळीची विनंती आहे. दगडावर बटणासारखे पॅलिथोआ (कोरलच्या नात्यातले जीव) असतील तर त्यांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. उकळताना ते वाफेतून श्वासात जातं, आणि अशा वाफेने घरची माणसं दवाखान्यात पोचल्याच्या घटना जगात नोंदल्या गेल्या आहेत. हात घालतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच.

अजिंक्यतारा, सातारा
मालवणहून येताना किनाऱ्यावरचा दगड उचलून आणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. दगडी कोरल १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. असा दगड घरी आणूच नका.

मिरजकर
उकळण्याचं मागे घेतो. पण वाट बघण्याला माझा विरोध कायम. संशय आला की दगड वेगळ्या बादलीत, खाऱ्या पाण्यात, पंप आणि हीटरसकट ठेवायचा. ओळख तिथे पटवा की सावकाश!

कृष्णाकाठ, सांगली
बादली चालेल. एप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी मागवणार असाल तर नीट बघून घ्या. तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी येते. अंगावर ठळक पांढरे पट्टे आणि पाठीला कुबड असेल तर परत करा, ती कोरलच खाते.