गावच्या कूलरचं काम: मिस्त्रीला काय सांगायचं?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा हिंगणघाटजवळच्या खेड्यात राहतात. मार्चमध्ये मिस्त्री कूलरच्या ताट्या (बाजूच्या गवत भरलेल्या जाळ्या) बदलतो, पाणी घरकामाच्या मावशी भरतात. इथं अमेरिकेत नळाजवळच्या प्लगला जीएफसीआय असतो, ५ मिलिअँपिअरच्या आसपास करंटची गळती झाली की लाईन तुटते. गावी तसं काय करता येईल?

---

ताई,
ताट्यांचं नंतर पाहू, आधी अर्थिंग. पाण्यातल्या पंपाचं सील झिजतं किंवा वायर पत्र्याच्या काठावर घासून कापली जाते, आणि टिनाच्या अख्ख्या कूलरमध्ये करंट उतरतो. एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा बोर्डातला स्विच) त्यावर पडेलच असं नाही. ती अँपिअरमध्ये मोजते, माणसाचा जीव मात्र मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतक्या करंटनंही जातो. म्हणून मिस्त्रीला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) बसवायला सांगा. कूलरच्या लाईनचा न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तिच्या पुढे दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलला मिसळला तर ती विनाकारण पडत राहते. मग वैतागून कोणीतरी ती काढूनच टाकतं, आणि हे फार ठिकाणी होतं. तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

अर्थिंगची वायर कूलरच्या पत्र्याला रंग खरवडून, स्क्रूनं घट्ट आवळलेली हवी. प्लग तीन पिनांचाच. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, अर्थिंगच्या पुरलेल्या रॉडपासून सुटते, आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग नेमकं कूलरच्या दिवसांत कामातून जातं. अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायला सांगा.

सगळ्यात जास्त धोका मावशींना आहे, कारण ओल्या हातानं, ओल्या फरशीवर उभं राहून पाणी त्या ओततात. त्यांना एवढंच पक्कं सांगा: बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर असतं, मग बंद कूलरमध्येही फेज, म्हणजे करंटची वायर, चालू राहते. लाईन गेली म्हणून प्लग तसाच ठेवून भरायला घेऊ नये, ती मधेच येते.

आता ताट्या. गवत ओलं झालं की खाली बसतं, वरचा वीतभर भाग रिकामा पडतो आणि तिथून गरम हवा सरळ आत येते. वर थोडं जास्त भरून जाळी आवळायची. फार ठासलं तर हवाच खेचली जात नाही. खाऱ्या पाण्यानं ताटीवर पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं बुजतात, ती तारेनं मोकळी करा, नाहीतर ताटीचा तेवढा पट्टा कोरडा राहतो. पंप नुसता गुणगुणतो पण पाणी चढत नाही, तर आतलं चक्र क्षारानं अडकलेलं असतं. पाण्याविना चालवला की जळतो.

---

एक भर घालतो. आठवड्यातून एकदा कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या भिंती घासायला हव्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. ६० लिटरची टाकी म्हणजे १५ लिटरच्या चार बादल्या, आणि मे महिन्यात दिवसाला एकदा भरून पुरत नाही. हे झाडू-भांड्यांपेक्षा वेगळं काम आहे, त्याचे उन्हाळाभर मावशींना वेगळे पैसे द्या. छतावर टाकी असेल तर तिथून अर्धा इंची नळी आणून कूलरमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) बसवा. मग बादल्या उचलायच्या राहत नाहीत.